तंबू, खंदक आणि राखलेलं मैदान

मोहन बागान हा फुटबॉल क्लब १८८९ सालचा. १९११ मध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या बंगाली पोरांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो हाच. एवढ्या थोर क्लबाचं कार्यालय कुठे, असं कोलकात्यात कुणालाही विचारलं तर उत्तर येतं, ‘मैदानातल्या टेंटमध्ये’. ईस्ट बेंगालचंही टेंट आणि मोहमेडन स्पोर्टिंगचंही टेंटच. आत कचेरी असते, चषकांची कपाटं असतात, कॅन्टीन असतं. तरी बोलण्यात शब्द तंबूचाच राहिला आहे. कारण पायाखालची जमीन लष्कराची आहे, आणि तिथे पक्कं बांधकाम करायची मुभा सहसा मिळत नाही.

शहराच्या ऐन मध्यात, हुगळीच्या काठाला लागून, सुमारे ४०० हेक्टर जमीन अशी मोकळी आहे. तिच्यावर ईडन गार्डन्स आलं, व्हिक्टोरिया मेमोरियल आलं, ट्राम धावली, राजकीय सभा गाजल्या. पण घरं आणि दुकानांच्या रांगा आल्या नाहीत. कित्येक वर्षं इथे भरणारा पुस्तक मेळा २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मैदान सोडून गेला. मुंबईकराला आझाद मैदान आणि ओव्हल कसेबसे टिकलेले पाहायची सवय असते, त्यामुळे त्याला ही मोकळीक आधी अविश्वसनीय वाटते. मग प्रश्न पडतो, की एवढी जागा अडीचशे वर्षं कुणी आणि कशासाठी राखली?

‘राखली’ हे क्रियापद इथे नेमकं बसतं. मराठीत शेताची राखण करतात, गायरान राखतात, देवराई राखतात. न्यायालय निकाल राखून ठेवतं. म्हणजे राखणं म्हणजे पहारा देणं, आणि राखणं म्हणजे हात न लावता बाजूला ठेवणंही. संरक्षण हा शब्द आपण मंत्रालयापासून पीक संरक्षणाच्या औषधांपर्यंत सगळीकडे वापरतो. पूर संरक्षक भिंत, ग्राहक संरक्षण, वनसंरक्षक हे शब्दही त्यातलेच. तो ऐकला की डोळ्यांसमोर पहिल्यांदा भिंत येते. फोर्ट विल्यमची गोष्ट मात्र भिंतीपेक्षा भिंतीसमोरच्या रिकाम्या जमिनीची आहे, आणि तिची सुरुवात मराठ्यांच्या भीतीतून होते.

पहिला फोर्ट विल्यम आजच्या जागी नव्हता. १६९६ मध्ये शोभा सिंगाच्या बंडाने बंगाल हादरला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांना आपल्या वखारीभोवती तटबंदी घालायची संधी मिळाली. १७०० मध्ये तिला राजा तिसरा विल्यम याचं नाव मिळालं. लालदिघीजवळ, आज जिथे जनरल पोस्ट ऑफिसचा पांढरा घुमट दिसतो, त्या भागात हा किल्ला होता. किल्ला म्हणायचा, पण खरं तर ती गोदामांना तट घातलेली वखारच होती.

१७४२ च्या वसंतात नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांची घोडदळं बंगालमध्ये शिरली. मे महिन्यात मुर्शिदाबादेत जगत सेठांची पेढी लुटली गेली. नवाब अलिवर्दी खानाची मोठी फौज या हलक्या घोडेस्वारांना पकडू शकत नव्हती. बंगाली माणसाने या स्वारांना ‘बर्गी’ म्हटलं. हा आपला ‘बारगीर’ शब्द. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर, स्वतःचं घेऊन येतो तो शिलेदार. महाराष्ट्रात बारगीर हे आज एक साधं आडनाव आहे. बंगालमध्ये मात्र बर्गीचा धाक घालून मुलांना झोपवायची अंगाई अजून जिवंत आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात जळलेली गावं आणि घरदार सोडून पळणारी माणसं आहेत. मराठी वाचकाने हे वर्णन टाळून पुढे जाऊ नये. अटकेपारच्या झेंड्याचा अभिमान वाटतो, तर बंगालमधल्या कटव्याच्या आसपासच्या उद्ध्वस्त गावांची जाणीवही त्याच इतिहासाचा भाग आहे.

कलकत्त्यात घबराट उडाली. पश्चिम काठावरून नदी ओलांडून माणसांचे लोंढे येऊ लागले. शहरातल्या देशी रहिवाशांनी कंपनीकडे परवानगी मागितली, की आमच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणतो. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झालं, आणि मग काम थांबलं. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत.

ते का आले नाहीत याचं उत्तर खंदकात नाही, नदीत आहे. बर्गींचा वावर मुख्यतः भागीरथीच्या पश्चिमेला होता. उत्तरेतली भागीरथी म्हणजेच खाली येऊन झालेली हुगळी, आणि कलकत्ता तिच्या पूर्व काठावर. पावसाळ्यात बंगालची जमीन चिखल होते. दख्खनच्या मुरमाड माळावर वाऱ्यासारखं धावणारं घोडं तिथे पोटापर्यंत रुततं. बर्गींच्या वेगाची ताकद कोरड्या जमिनीत होती. सप्टेंबर १७४२ मध्ये भास्करराम कटव्याजवळ दुर्गापूजेत असताना अलिवर्दीने नावांचा पूल बांधून नदी ओलांडली आणि पहाटे छापा घातला. पाणी ज्याला ओलांडता आलं, त्याची त्या दिवशी सरशी झाली. पुढे १७४४ मध्ये मानकरा इथल्या भेटीत भास्कररामांना दग्याने मारलं गेलं. त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ च्या तहात नवाबाने ओरिसा सोडला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली, तेव्हा त्या थांबल्या.

तो तीन मैलांचा ‘मराठा डिच’ तसाच पडून राहिला. त्यात पाणी आणि कचरा साठत गेला. कलकत्त्यात राहणाऱ्यांना ‘डिचर’ म्हणायची थट्टाही रूढ झाली. धोका टळला की बांध अर्धा सोडायचा, ही सवय फार जुनी आहे. चौदा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली, आणि तीही वेगळ्याच शत्रूला.

जून १७५६ मध्ये नवाब सिराज उद्दौला कलकत्त्यावर चालून आला. उत्तरेला बागबाजारजवळ, जिथे खंदक होता आणि तोफाही होत्या, तिथे पहिला हल्ला अडला. मग फौज खंदक नसलेल्या बाजूने शहरात शिरली. किल्ल्याची अवस्था बिकट होती. तटाला लागून गोदामं होती, आणि आजूबाजूला कंपनीच्या साहेबांची उंच पक्की घरं अगदी जवळ उभी होती. समोरच्या सेंट ॲन चर्चच्या छतावरून किल्ल्याच्या आत नेम धरता येत होता. ती घरं नवाबाच्या बंदूकधाऱ्यांच्या हाती पडली आणि किल्ला राहण्याजोगा उरला नाही. गव्हर्नर ड्रेक जहाजावर चढून निघून गेला. २० जूनला किल्ला पडला.

याच चुकीबद्दल मराठीत आधीच लिहून ठेवलेलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात पंत सांगतात, की गडाशेजारी त्याच्यावर मात करील असा दुसरा डोंगर असू नये. असलाच तर तो सुरुंग लावून कमी करावा किंवा गडाच्या कबजात घ्यावा. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, हेही त्यांचंच सांगणं. कलकत्त्यात डोंगर नव्हता, पण साहेबांनी स्वतःच्या हाताने चर्चच्या रूपात तो उभा केला होता. सह्याद्रीतल्या गडाला कातळकडा फुकट मिळतो. निसर्गाने तासलेला उभा कडा आणि त्यावर थोडा तट एवढं पुरतं. गाळाच्या सपाट बंगालमध्ये दगडही नाही आणि उंचीही नाही. तिथे बचाव करायचा तो वीट, माती, पाणी आणि मोकळी जागा यांच्याच जोरावर.

आता गोष्ट थोडी कोकणात न्यायला हवी.

त्याच वर्षी, कलकत्ता पडण्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला होता. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेऊन वाढवला आणि त्याला विजयदुर्ग हे नाव दिलं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. तिहेरी तट, जहाजं सुरक्षित लागतील अशी आत वळलेली खाडी, आणि कान्होजी आंग्र्यांपासूनचा आरमारी दरारा. इंग्रज, डच, पोर्तुगीज, कुणालाच तो समुद्रातून घेता आला नव्हता. किनाऱ्याजवळ पाण्याखाली एक दगडी भिंत आहे, आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटत, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे सुमारे १२२ मीटर लांबीचं दगडी बांधकाम खरोखरच आढळलं. ते नेमकं कशासाठी होतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

एवढा किल्ला पडला तो आतल्या फाटाफुटीने. नानासाहेब पेशव्यांचं विजयदुर्ग राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं होतं, आणि त्यांनी इंग्रजांची मदत घेतली. ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी खाडीत शिरून तोफा डागल्या. एक गोळा आंग्र्यांच्या ‘रिस्टोरेशन’ या गलबतावर पडला, आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि खाडीत नांगरलेलं सगळं आरमार जळालं. किनाऱ्यावर फौज उतरवून जमिनीकडची वाट रोखणारा अधिकारी होता रॉबर्ट क्लाइव्ह. मराठी सत्तेने स्वतःच्या समुद्राचा दरवाजा त्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडला, आणि ते दुःख कोकणात अजून विरलेलं नाही.

याच वॉटसनने आणि याच क्लाइव्हने २ जानेवारी १७५७ ला कलकत्त्याचा फोर्ट विल्यम परत घेतला. हुगळीत शिरलेल्या जहाजांत केंट आणि टायगर होती. दोन्ही विजयदुर्गच्या खाडीतही होती. पुढे २३ जूनला प्लासी झाली. ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यातच वारला.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराने फोर्ट विल्यमचं नाव बदलून विजय दुर्ग ठेवलं, तेव्हा दोन किल्ल्यांचं पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं नातं नकळत पुरं झालं. नव्या नावामागची प्रेरणा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गचीच आहे. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाचं नाव आता शिवाजी दरवाजा आहे. ज्या शहराने मराठ्यांना अडवायला खंदक खणला, त्या शहराच्या किल्ल्याला मराठ्यांच्या आरमारी किल्ल्याचं नाव मिळालं.

आजचा किल्ला बांधायला १७५८ मध्ये सुरुवात झाली आणि काम संपायला १७८१ उजाडलं. खर्च सुमारे वीस लाख पौंड झाला. जागा निवडली गोविंदपूर गावाची. सेठ, बसाक अशी जुनी घराणी तिथून उठवली गेली आणि त्यांना उत्तर कलकत्त्यात जमिनी दिल्या गेल्या. गावापलीकडचं जंगल तोडून सपाट केलं. ते जंगल जिथे होतं, तिथेच आजचं मैदान आहे.

रायगड किंवा प्रतापगड डोळ्यांत भरलेल्या माणसाला हा किल्ला पहिल्यांदा दिसतच नाही. मैदानातून पाहिलं तर हिरवळीचा एक उतार हळूहळू वर चढतो, त्यामागे विटांच्या तटाची कड, आणि वर झाडं. उंच बुरूज कुठेच नाही. तोफा आल्यावर उंच दगडी भिंत हा धोका झाला, कारण गोळा लागला की तीच ढासळून खंदक बुजवते. म्हणून युरोपात भिंती बुटक्या आणि जाड झाल्या आणि त्यांच्यामागे मातीचा भराव आला. मातीत गोळा रुततो. फोर्ट विल्यम अष्टकोनी आहे, पण त्याचे कोन सारखे नाहीत. पाच बाजू जमिनीकडे, तीन नदीकडे. कोपऱ्यांवरचे टोकदार बुरूज पुढे आलेले, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी मारा करता येतो आणि शत्रूला लपायला कोपरा उरत नाही. भोवती सुमारे नऊ मीटर खोल आणि पंधरा मीटर रुंद खंदक. तो एरवी कोरडा, गरज पडली तर नदीचं पाणी आत घेता येईल असा.

आणि त्यापुढे मैदान. चढून येणाऱ्याला झाडाचाही आडोसा मिळू नये, आणि तोफेच्या पल्ल्यात एकही घर नसावं. सेंट ॲन चर्चचा धडा या रिकाम्या जमिनीत लिहिला आहे. या किल्ल्याच्या तोफा लढाईत एकदाही डागाव्या लागल्या नाहीत. मग ते वीस लाख पौंड वाया गेले का? पहारेकरी असताना चोर आला नाही, म्हणून पहारा वाया गेला असं कुणी म्हणत नाही. पण याचा दुसरा अर्थही विसरता येत नाही. उठवलेल्या गोविंदपूरच्या माणसांचं गाव मात्र कायमचं गेलं.

विटांच्या या तटाखेरीज कंपनीने आणखी एक तट उभारला, तो भाषेचा. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. नाव किल्ल्याचं असलं तरी भरत होतं रायटर्स बिल्डिंगमध्ये. कोवळ्या वयात इंग्लंडहून आलेल्या कारकुनांना राज्य चालवण्यासाठी देशी भाषा शिकवणं हे त्याचं काम. तिथे मराठीही शिकवली जात होती. शिक्षक होते विल्यम केरी, आणि त्यांचा खरा आधार होते वैजनाथ पंडित. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं, तर १८१० च्या मराठी-इंग्रजी कोशात मराठी शब्द मोडी अक्षरांत छापले होते. ही छपाई कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला झाली. पुढच्या काही वर्षांत तिथूनच ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ ही मराठी पुस्तकं निघाली. मराठी गद्याच्या छपाईतली ही अगदी पहिली पावलं.

हा क्रम पाहण्यासारखा आहे. ज्या रघुजींच्या फौजेच्या भीतीने कलकत्त्याने खंदक खणला, त्यांच्या घराण्याची वंशावळ सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच शहराजवळ छापून निघाली. मध्यंतरी १८०३ मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकरांचा कटक प्रांत इंग्रजांनी घेतला होता. शत्रूला ओळखायचं तर त्याची भाषा, त्याची नाती, त्याचा पत्रव्यवहार कळला पाहिजे, हे इंग्रजांना उमगलं होतं. खंदकाने जमलं नाही ते काम व्याकरणाने केलं. मराठी दरबारांतून त्या वेळी किती माणसं इंग्रजी शिकत होती, हा विचार आला की मन खट्टू होतं.

किल्ल्यांना तोफांचं भय असतं, पण कोलकात्याला त्याहून मोठं भय पाण्याचं होतं आणि आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. नदीकाठ थोडा उंच, आणि शहराचा उतार नदीकडे नाही तर उलट, पूर्वेला. त्यामुळे शहराचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी पूर्वेकडच्या दलदलीत जातं. तिथल्या मच्छीमारांनी उथळ तळी राखली. त्यांना ते ‘भेडी’ म्हणतात. सांडपाणी त्यांत पसरतं, ऊन आणि शेवाळ ते साफ करतात, मासे वाढतात, आणि जोराच्या पावसात हीच तळी शहराचं पाणी सामावून घेतात. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने ही व्यवस्था समजून घेऊन जगापुढे मांडली. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या जमिनीवर भराव टाकायला मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा टापू रामसर यादीत गेला. मैदान लष्कराने राखलं, भेडी मच्छीमारांनी राखल्या. दोन्ही ठिकाणी बिल्डरांची नजर सतत असते.

वादळांचं तर नावच कोलकात्यात ठरलं. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणारे हेन्री पिडिंग्टन तिथले सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसींना जाहीर पत्र लिहून बजावलं, की एक दिवस वादळासोबत समुद्राची लाट येईल आणि हे बंदर उद्ध्वस्त करील. कुणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग बांधलं गेलं, आणि नोव्हेंबर १८६७ च्या वादळाने ते मोडून टाकलं. त्याआधी ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदरातली जहाजं काठावर नेऊन आपटली होती आणि हजारो माणसं मेली होती. त्या धक्क्यातून बंदरांना इशारे द्यायची व्यवस्था उभी राहिली आणि १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं, तेही कलकत्त्यात. खातं पुढे सिमल्याला गेलं आणि तिथून १९२८ मध्ये पुण्यात आलं. पुण्यातला रिक्षावाला शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणतो, त्या नावाचा एक धागा हुगळीतल्या त्या फुटक्या जहाजांपर्यंत जातो.

कोलकात्याच्या दक्षिणेला सुंदरबनात सुमारे साडेतीन हजार किलोमीटर मातीचे बांध आहेत. रायगडच्या खारेपाटातल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत. भरतीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून त्याच्याकडेही समुद्राच्या कडेला मातीचा बांध असतो. त्याला उघाडी असते, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बंद होणारी झडप. उधाणात बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात. आणि खांड गेली की नुसतं पीक जात नाही, जमीन खारते आणि पुढची दोन-तीन वर्षं जातात. २५ मे २००९ ला आयला वादळाने सुंदरबनात अशाच शेकडो खांडी पाडल्या. बांधाच्या बाहेर कांदळवन असेल तर लाटेचा जोर आधीच मोडतो, हे पेणच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं आणि सुंदरबनातल्या गोसाबाच्या शेतकऱ्यालाही. मातीच्या बांधापुढची ती चिखलातली झाडी मैदानासारखंच काम करते. धोका बांधापर्यंत पोचायच्या आत थकवते.

पाणी आणि फौज यांचं नातं फोर्ट विल्यममध्ये १९७१ च्या बांगलादेश युद्धात सर्वांत ठळक दिसलं. १९६३ पासून हा किल्ला लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. पूर्व पाकिस्तानात पाऊस सुरू झाला की नद्या समुद्रासारख्या पसरतात, म्हणून लष्करप्रमुख माणेकशॉ यांनी पावसाळा उलटेपर्यंत थांबायचा आग्रह धरला. पण ते थांबणं रिकामं नव्हतं. मुर्शिदाबादच्या दक्षिणेला प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, बंगाली तरुणांना पोहण्याचं प्रशिक्षण दिलं जात होतं. पोटाला गमछ्याने विटा बांधून तासन्‌तास प्रवाहात राहायचं, मग विटांच्या जागी पाणसुरुंग घ्यायचा, जहाजाच्या तळाला चिकटवायचा आणि आवाज न करता निघायचं. बहुतेक पोरं नदीकाठच्या गावांतली, विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुलं. आकाशवाणी कोलकात्यावरून ठरलेली गाणी लागली, तो इशारा होता. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे जहाजं बुडाली. १७५७ मध्ये ज्या प्लासीत बंगाल गेला, तिथल्याच पाण्यात दुसरा बंगाल मोकळा करायची तयारी झाली. डिसेंबरमध्ये मेघना नदी ओलांडताना लेफ्टनंट जनरल सगतसिंगांनी हेलिकॉप्टरांनी फौज पलीकडे उतरवली. १६ डिसेंबरला ढाक्यात पूर्व कमांडचे प्रमुख जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली.

सैनिकी शिक्षणात लोकांना कवायत आणि नेमबाजी दिसते. खरं तर त्यातला मोठा भाग पाण्याशी, चिखलाशी आणि मातीशी झगडण्याचा असतो. पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्स आणि दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे जवान तराफ्यांचे पूल जोडतात, नावा हाकतात, दलदलीतून वाट काढतात. हे सगळं शत्रूच्या प्रदेशासाठी शिकवलेलं असतं, पण ते वापरायची वेळ जास्त करून आपल्याच गावात येते. जुलै १९६१ मध्ये पानशेतचं धरण खचू लागलं, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर भर पावसात वाळूची पोती रचली. १२ जुलैला धरण फुटलं, पण त्या पोत्यांनी दिलेल्या तासांमुळे फुटायला दिवस उजाडला होता. जुन्या पुण्यातली माणसं ते अजून सांगतात. मे २०२० मध्ये अम्फान वादळाने कोलकात्यातली हजारो झाडं उपटली. रस्ते बंद, वीज नाही, पाणी नाही. मग लष्कराच्या पाच तुकड्या करवती घेऊन शहरात उतरल्या आणि ओंडके कापून वाटा मोकळ्या करू लागल्या.

पोती, नावा आणि करवती हे संकट दारात आल्यावरचे उपाय. त्याआधीचा उपाय पुन्हा मैदानासारखाच आहे, आणि महाराष्ट्रात त्याला पूररेषा म्हणतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही. नियम इतका साधा आहे. त्या पट्ट्यात नदीला पसरायला जागा राखायची, जशी तोफेला पल्ला मिळावा म्हणून कोलकात्यात चौरंगी रस्त्यापर्यंत जागा राखली गेली. फरक एवढाच, की मैदानावर लष्कराचा ताबा आहे आणि पंचगंगेच्या काठावर कुणाचाच नाही. तिथे आधी भराव पडतो, मग मंगल कार्यालय होतं, मग वसाहत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लष्कर, नौदल आणि एनडीआरएफच्या नावा शिरोळ-सांगलीच्या गल्ल्यांतून फिरल्या.

सांगलीत कृष्णेकाठच्या जुन्या घरांच्या भिंतींवर आता खडूने, रंगाने, कुठे नुसत्या खिळ्याच्या ओरखड्याने रेघा आहेत. सगळ्यांत खालची २००५ ची. तिच्यावर २०२१ ची. आणि सगळ्यांत वर, उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, २०१९ ची. नकाशातली निळी रेषा याच गल्लीतून जाते.